सायलन्सचे यश आणि तिच्या मॉडेलची एक उणीव
संगणकीय विषाणूंच्या ठशांची, म्हणजे ओळखखुणांची, यादी न बाळगता, फाइल चालू होण्यापूर्वीच तिची लक्षणे तपासून निर्णय देणारे मॉडेल (उदाहरणांतून शिकलेली संगणकप्रणाली) हेच सायलन्स या अँटिव्हायरस कंपनीच्या यशाचे कारण, असे म्हटले जाते आणि ते मत मला मान्य आहे. 2012 साली स्थापन झालेली ही कंपनी ब्लॅकबेरीने सुमारे 140 कोटी डॉलरना विकत घेतली, ती याच बळावर. मात्र, असे मॉडेल फसवणे फार अवघड असते, असेही म्हटले जाते; ते विधान मला पटत नाही.

जुलै 2019 मध्ये ऑस्ट्रेलियातील स्कायलाइट सायबर या सायबर-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी सायलन्सचे मॉडेल उलगडून पाहिले, तेव्हा एका लोकप्रिय व्हिडिओ गेमकडे त्याचा विशेष कल असल्याचे त्यांना आढळले. त्या गेमच्या फाइलमधील अक्षरमाला, म्हणजे मजकुराचे तुकडे, त्यांनी घातक फाइलच्या शेवटी नुसत्या जोडल्या. आतला घातक कोड जसाच्या तसा होता, तरीही अशा बहुतेक फाइली निर्धोक ठरल्या. चुकून अडवल्या जाणाऱ्या चांगल्या फाइलींसाठी दिलेली सवलतच, माझ्या मते, इथे चोरवाट ठरली. पुढे डिसेंबर 2024 मध्ये ब्लॅकबेरीने सायलन्स ही कंपनी आर्क्टिक वुल्फ या सायबर-सुरक्षा कंपनीला 16 कोटी डॉलर रोख आणि काही समभाग एवढ्यावर विकण्याचे जाहीर केले. अर्थात, या घसरणीचे खापर त्या एका त्रुटीवर फोडणे योग्य होणार नाही.