चौथीतल्या लेकीसोबत बघायला अंतराळपट सुचवा

ऐरोलीकर: गच्चीवरून गुरू दाखवला तेव्हापासून लेकीला अंतराळाचं वेड लागलंय. मारधाड नको, विज्ञान खरं हवं. शनिवारी घरी काय लावू?

घोडबंदरवाला: 'द मार्शियन' (२०१५). मंगळावर एकटा अडकलेला वनस्पतिशास्त्रज्ञ बटाटे पिकवतो. बघून माझ्या लेकानं कोंब आलेला बटाटा श्रीखंडाच्या डब्यात लावला; आता वीतभर रोप झालंय. सुरुवातीला तो स्वतःच्या पोटाची जखम स्टेपल मारून बंद करतो, तेवढं पुढे ढकला. आणि सुरुवातीला यान उलथवू पाहणारं वादळ दाखवलंय ते खरं नाही, हे तिला नक्की सांगा. मंगळावरच्या हवेचा दाब आपल्या एक टक्काही नाही, यान कुठलं उलथणार?

वाशीची मावशी: 'इंटरस्टेलर' एवढ्यात नको. बापलेकीची ताटातूट बघून माझी भाची रात्रभर रडली.

ऐरोलीकर: मग मंगळच. बटाटाही लावतो.