जुनाट आजारांत सायटोकाइन रोखणं हा उपाय होऊ शकतो का?

धागाकर्ता: हृदयविकारात आपण कोलेस्टेरॉलच्या एवढे मागे लागलो की दाहाकडे आणि तो पेटवणाऱ्या सायटोकाइनकडे (पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ती प्रथिनं) कुणी बघेना. २०१७ साली कँटॉस चाचणीचे निकाल आले. हार्ट अटॅक येऊन गेलेले दहा हजारांवर रुग्ण, सगळ्यांचं सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) २ किंवा जास्त. कॅनाकिनुमॅब या औषधाने इंटरल्यूकिन-१ बीटा हा एकच सायटोकाइन अडवला. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) होतं तिथेच राहिलं, तरी दर तीन महिन्यांनी १५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत पुन्हा अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटलं. आणखी कोणता पुरावा हवा?

प्रतिसाद १: त्याच चाचणीतलं पुढचंही सांगा. औषध घेणाऱ्यांत जीवघेणे संसर्ग जास्त झाले आणि एकूण मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. सायटोकाइन आजार घडवायला जन्माला आलेले नाहीत हो! फुप्फुसात क्षयाचे जंतू कोंडून ठेवणाऱ्या गाठी टिकतात त्या टीएनएफ या सायटोकाइनच्या जोरावर. संधिवातासाठी टीएनएफ रोखणारी औषधं आली आणि दबलेला टीबी उसळू लागला. म्हणून आता इंजेक्शनआधी टीबीची तपासणी करतात.

प्रतिसाद २: मी तेच इंजेक्शन घेते. आधी सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही, कुर्त्याची बटणं मुलगी लावून द्यायची. आता माझी मी लावते. टीबीची तपासणी झाली, ताप आला की डॉक्टरांना लगेच कळवायचं हेही पाठ आहे. धोका आहे म्हणून आम्ही सांधे झिजू द्यायचे का?

प्रतिसाद १: अजिबात नाही. संधिवातात टीएनएफ खरोखर सांध्याची नासाडी करतो, तिथे औषध हवंच. माझा आक्षेप सरसकटपणाला आहे. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांच्या रक्तातही टीएनएफ वाढलेला असतो. तेव्हा टीएनएफ रोखणारं इन्फ्लिक्सिमॅब देऊन पाहिलं, तर मोठ्या डोसवर रुग्णांची अवस्था बिघडली. वाढलेला दिसला म्हणजे तोच गुन्हेगार असं होत नाही. इंटरल्यूकिन-६ हा सायटोकाइन तर व्यायाम करताना आपले स्नायूच सोडतात, आणि तो काही तासांत ओसरतो. लठ्ठपणात तोच महिनोन्‌महिने थोडा थोडा झिरपत राहतो. रेणू एकच, परिणाम वेगळे.

धागाकर्ता: म्हणजे नेमका रेणू आणि नेमका रुग्ण निवडायचा, एवढंच ना? मीही तेच म्हणतोय. मेथोट्रेक्सेट या संधिवाताच्या औषधाच्या अगदी कमी डोसने हृदयरोग्यांत ना इंटरल्यूकिन-६ उतरला ना सीआरपी, आणि फायदाही झाला नाही. निशाणा चुकला की असंच होणार. उलट कोल्चिसीनसारख्या स्वस्त, जुन्या, दाह कमी करणाऱ्या गोळीने २०१९ च्या चाचणीत अटॅकनंतरच्या रुग्णांना फायदा दाखवला.

प्रतिसाद १: आणि २०२४ मध्ये सात हजारांवर रुग्णांच्या चाचणीत, अटॅकनंतरच दिलेल्या त्याच गोळीने काही फरक पडला नाही. २०१९ च्या चाचणीत न्यूमोनियाही थोडा जास्त होता. साध्या सर्दीतापातही सीआरपी चढतं, त्यामुळे एका रिपोर्टवर रुग्ण निवडायला माझा ठाम विरोध आहे. निदान काही आठवड्यांनी पुन्हा तपासा, मग गोळीचं बोला.