कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरचे कायोटी (लांडग्याचे छोटे भाऊबंद): कोणत्या ऋतूत काय खातात?

प्रश्न: कायोटींच्या हिवाळ्यातल्या विष्ठेत मूसचे (मोठ्या हरणाचे) केस मिळाले. कायोटींनीच शिकार केली असं धरायचं का?

उत्तर १: नाही हो. बऱ्याचदा ते मेलेल्या मूसचे किंवा शिकाऱ्यांनी टाकलेल्या अवशेषांतले असतात. केसांवरून प्राणी कळतो, मारला कुणी ते नाही. बाकी ऋतूंचं म्हणाल तर मेअखेर ते जून कॅरिबूची (रेनडिअर हरणांची) पाडसं खातात, ऑगस्ट-सप्टेंबरात ब्लूबेरी. ससे मात्र बारमाही.

उत्तर २: विष्ठेवरून आहारातल्या भक्ष्यांची टक्केवारी जपून काढा. उंदराएवढ्या भक्ष्याचे केस-हाडं वजनाच्या मानाने जास्त उरतात, म्हणून किती विष्ठांत ते सापडलं एवढंच मोजलं की त्यांचा वाटा फुगतो. आणि हाताळण्याआधी विष्ठा उणे ८० अंशांवर काही दिवस गोठवा. तिच्यातली फीतकृमीची (माणसालाही बाधणाऱ्या जंताची) अंडी घरच्या फ्रीझरला दाद देत नाहीत.

प्रश्नकर्ता: लाल कोल्ह्याची विष्ठा वेगळी कशी काढू?

उत्तर २: जाडीवर विसंबू नका, दोघांची मापं एकमेकांत मिसळतात. डीएनएच करा.