दोन डॅकच्या आवाजाची तुलना नेमकी कशी करावी?

स्वरलीन:
माझ्याकडे १९८०च्या दशकाच्या अखेरचा, फिलिप्सची टीडीए१५४१ ही डॅक चिप (डिजिटल संकेताचे अ‍ॅनालॉग विद्युतसंकेतात रूपांतर करणारी) असलेला सीडी प्लेअर आहे. त्याच्या डिजिटल आउटपुटला अलीकडे एक नवा डॅक जोडला. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर तेच आहेत. नव्या डॅकमधून ख्याल ऐकताना तानपुऱ्याचा झंकार जवळ आल्यासारखा वाटतो आणि तबल्याचा बायाही अधिक भरीव लागतो. माहितीपुस्तिकांनुसार जुन्या प्लेअरचा आउटपुट २ व्होल्ट, तर नव्या डॅकचा २.३ व्होल्ट आहे. हा फरक चिपचाच मानावा का?

ध्वनिमापक:
इतक्यात मानू नये. २ आणि २.३ व्होल्ट यांत सुमारे १.२ डेसिबेलचा फरक पडतो, आणि एवढा फरक कानाला ‘आवाज मोठा झाला’ असा जाणवण्याऐवजी ‘आवाज सुधारला’ असा जाणवतो. शिवाय आवाज वाढला की खर्जाकडचे स्वर तुलनेने अधिक ठळक ऐकू येतात, हे संशोधक फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते. बाया भरीव लागण्यात त्याचाही वाटा असू शकतो.

म्हणून आधी पातळी जुळवावी. चाचणीच्या सीडीवरील १०० हर्ट्झचा अखंड स्वर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे आणि दोन्ही मार्गांतील फरक १ टक्क्याच्या, म्हणजे साधारण ०.१ डेसिबेलच्या आत आणावा. (साधे मल्टिमीटर उंच कंप्रतेला चुकीचे आकडे दाखवतात, म्हणून १०० हर्ट्झ.) तुमची मोठी सोय अशी, की प्लेअरचे दोन्ही आउटपुट एकाच वेळी चालू राहतात, त्यामुळे तीच सीडी वाजत असताना अ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट बदलून तोच आलाप दोन्हीकडून ऐकता येईल. इनपुट मात्र घरातील दुसऱ्या कोणी, तुम्हाला न दिसता, नाणे उडवून निवडावा. १६ पैकी १२ किंवा अधिक वेळा डॅक अचूक ओळखता आला, तर निव्वळ अंदाजाने तसे घडण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. एवढे झाल्याशिवाय चिपला श्रेय देणे मला पटत नाही.

मंद्रसप्तक:
पद्धत योग्यच आहे; परंतु सर्व डॅक सारखेच वाजतात, असा अर्थ त्यातून काढू नये. ओव्हरसॅम्पलिंग (सीडीवरील नमुन्यांच्या मध्ये गणिताने आणखी नमुने भरणे) न करणाऱ्या डॅकमध्ये, वेगळी भरपाई केलेली नसेल तर, ४४.१ किलोहर्ट्झच्या सीडीवर २० किलोहर्ट्झला सुमारे ३.२ आणि १० किलोहर्ट्झला पाऊण डेसिबेल घट होते, ती मोजता येते आणि तरुण कानांना कदाचित ऐकूही येते. टीडीए१५४१ च्या जोडीला मात्र त्या काळी बहुधा एसएए७२२० हा चौपट ओव्हरसॅम्पलिंगचा फिल्टर असे. तुमच्या प्लेअरमधील तो फिल्टर कोणी काढलेला नसेल, तर ही घट तेथे फारच थोडी असेल. त्यापेक्षा मला वयाची शंका अधिक येते, कारण इतक्या वर्षांत आउटपुटजवळचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (आत द्रव असलेले, विद्युतभार साठवणारे घटक) सुकलेले असू शकतात. म्हणून डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी मोजावी.

स्वरलीन:
नेमके मार्गदर्शन मिळाले, आभारी आहे. नवा डॅक यूएसबीने संगणकाला जोडल्यावर बारीक गुणगुण येते. तीही डॅकचीच मानावी का?

ध्वनिमापक:
ती बहुधा ग्राउंड लूपची, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या नको त्या प्रवाहाची, आहे. संगणकाला ऑप्टिकल आउटपुट असेल तर तो वापरून पाहावा, कारण त्या केबलमधून विद्युतप्रवाह जातच नाही. गुणगुण थांबली, तर डॅक बदलण्याचे कारण उरत नाही.