मदत हवी आहे: वेव्हमेकर (टँकमध्ये पाणी फिरवणारी मोटर) फुल स्पीडवर, तरी दगडांमागे लाल थर

बर्डी_रीफ:
४ फुटी मरीन टँक (खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय) आहे. समोरची वाळू उडून खालची काच दिसून राहिली, अन् दगडांच्या मागे लाल चिकट थर. हॅमर कोरल (प्रवाळ) परवापासून मिटलेला. मोठा वेव्हमेकर घेऊ का? लवकर सांगा, दुकान ९ ला बंद होते.

खारंपाणी:
रुंदी-उंची किती? आत्ताचा किती एलपीएचचा (तासाला किती लिटर), कुठे लावलाय? संप (टँकखालची फिल्टरची टाकी) आहे का?

बर्डी_रीफ:
दीड बाय दीड. संप आहे. एकच आहे ८००० चा, उजव्या काचेवर मधोमध.

खारंपाणी:
म्हणजे २५५ लिटर, दगड-वाळू वजा जाता २२० धरा. ८००० म्हणजे तासाला ३६ पट. हॅमर-झोएंथससारख्या कोरलला २० ते ३० पट पुरे. फ्लो कमी नाही, सगळा एकाच रेषेत जातोय. मोठा अजिबात घेऊ नका. आत्ताच्या ऐवजी ३००० चे दोन घ्या. डावा वर, पाण्याखाली चार-पाच इंच, तोंड समोरच्या काचेकडे तिरपं. धार काचेवर फुटून पसरते, वाळू उडत नाही. उजवा मागच्या काचेलगत, दगडांमागच्या गल्लीत सोडा. रिटर्न पंप (संपातलं पाणी वर टँकमध्ये आणणारा) हिशेबात धरू नका, चढावर तो डब्यावरच्या आकड्यापेक्षा बराच कमी देतो.

टीडीएस_शून्य:
फ्लोचं काय घेऊन बसलात? लाल थर म्हणजे सायनो (एक प्रकारचे जिवाणू), तो फॉस्फेटवर वाढतो. पाणी कोणतं वापरता ते कोणी विचारलंच नाही. पिण्याच्या आरओचं चालत नाही, पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार काढणारं) लावून टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्यावर आणा.

खारंपाणी:
पाणीच कारण असतं तर थर टँकभर दिसला असता. इथे फक्त मागे आहे, जिथे घाण बसते. डीआय लावाच, पण आज मोटर वळवा.

फिशप्रेमी_नागपूर:
एअर पंप अन् एअरस्टोन टाका भाऊ, गोल्डफिश मस्त राहतात.

टीडीएस_शून्य:
भाऊ, हा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. बुडबुडे फुटून मीठ लाइटवर अन् वायरींवर चढतं.

मानकापूर_मरीन:
मोटर घेताना वॅट बघा, पाण्यात बुडालेल्या मोटरची सगळी उष्णता पाण्यातच उतरते. मे महिन्यात खोलीत कूलर असला की हवा दमट होते, मग टँकवरच्या पंख्याने पाणी फारसं गार होत नाही. त्या खोलीत एसी नाहीतर चिलर (टँकचं पाणी गार करणारं यंत्र). अन् लाइट गेली की रिटर्नच्या पाइपातून पाणी उलटं संपात येतं. पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली ३ मिमीचं भोक पाडा, संपात जागा रिकामी ठेवा. चेक व्हॉल्व्हवर (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) विसंबू नका, चुना बसून तो अडकतो.

बर्डी_रीफ:
गल्ली कुठून आणू? दगड मागच्या काचेला टेकलेले आहेत.

खारंपाणी:
हेच आधी सांगायचं! तीन-चार इंच पुढे ओढा, नाहीतर कितीही मोटर लावा, मागे पाणी पोचणार नाही. ओढण्याआधी पंप बंद करून लाल थर नळीने ओढून काढा, घासू नका; तुकडे टँकभर पसरतात. मग ड्रॉपरने थोडा ब्राइन श्रिम्प (माशांचं बारीक खाद्य) मागे सोडून बघा, कण जिथे बसतील तिथे अजून धार हवी.

बर्डी_रीफ:
अन् हॅमर? हलवू?

खारंपाणी:
आधी धार हटवा, त्याला हात लावू नका. टोकं हळू डुलली पाहिजेत, एका बाजूला दाबली जाऊ नयेत. मांस सांगाड्यापासून सुटायला लागलं तरच जागा बदला.