आजीच्या माहजाँगमध्ये पाळी कोणत्या दिशेने जात असे?

प्रश्न (इंदूर)
आजोबा महूच्या छावणीत असताना आजी तेथील अधिकाऱ्यांच्या पत्नींकडून माहजाँग हा चौघांनी खेळायचा चिनी सोंगट्यांचा खेळ शिकली आणि पुढे इंदूरच्या घरी दर मे महिन्यात हा डाव मांडला जाऊ लागला. १४४ सोंगट्यांचा तो जुना संच अजून शाबूत आहे. आमच्याकडे सोंगट्यांवरच्या बांबूंच्या काड्या झाल्या, वर्तुळांच्या टिकल्या, आणि कोऱ्या पांढऱ्या ड्रॅगनला सगळे 'साबणाची वडी' म्हणत. आजी गेल्यावर घरचे नियम लिहून काढायला बसले, तर आत्या म्हणते की पाळी डावीकडे, म्हणजे प्रदक्षिणेच्या दिशेने जात असे. बाबा म्हणतात, उजवीकडे. आजीच्या हातची केवळ गुणांची वही आहे. कोणाचे खरे मानावे?

प्रतिसाद (वडोदरा)
रूढ चिनी खेळात पाळी उजवीकडे जाते आणि पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर या खेळाडूंच्या जागाही त्याच क्रमाने येतात, त्यामुळे पटावरच्या दिशा नकाशाच्या उलट पडतात. तुमच्या आजींनी त्या सरळ करून घेतल्या असतील, तर ती चूक नव्हे, तोच तुमच्या घरचा नियम. मात्र पाळीची दिशा बदलली की ओळ (एकाच प्रकारच्या लागोपाठ तीन सोंगट्या) लावण्यासाठी कोणाची टाकलेली सोंगटी उचलायची तेही बदलते, कारण ती फक्त आपल्या आधी खेळणाऱ्याचीच घेता येते. आत्यांना तेवढेच विचारा.

प्रतिसाद (ग्वाल्हेर)
वहीला 'केवळ' म्हणू नका. जुन्या पद्धतीत पूर्वेचा खेळाडू दुप्पट देतो आणि दुप्पट घेतो, आणि तो डाव हरला की पूर्वेची जागा पुढच्याकडे जाते. हरणाऱ्यांचा आपसांत हिशेब होत नसेल, तर दुप्पट आकडा एका रकान्यातून कोणत्या रकान्यात सरकतो ते पाहा. आजींच्या कोणत्या हाताला कोण बसे हे कळले की दिशा आपोआप निघेल. शिवाय नुसते नियम लिहू नका, एक अख्खा डाव बोलत बोलत खेळून त्याचे चित्रीकरण करा. सावंतवाडीत दशावतारी गंजिफाची १२० पाने आजही रंगवली जातात, पण ती हातात घेऊन खेळणारी माणसे शोधावी लागतात.

प्रश्नकर्ती
वही उघडली. दुप्पट आकडा 'आई', म्हणजे आजीच्या, रकान्यातून 'ताई'मध्ये, म्हणजे आत्याकडे, जातो आणि असे एकदा नव्हे, पानोपानी दिसते. आत्या नेहमी आजीच्या डावीकडे बसे, कारण उजवीकडच्या पलंगावर बाबा ठाण मांडून असत, आणि याविषयी दोघांचे एकमत आहे. बाबांनी दिशा मान्य केली. परंतु ओळीसाठी आपण कायम डावीकडच्याचीच सोंगटी उचलत होतो, यावर ते अजून ठाम आहेत. आत्याच्या मते तो नियम नव्हता, लबाडी होती आणि ती आजीला दिसत असे. दोन्ही म्हणणी नावांसह लिहून ठेवली आहेत.