शेपटी दारापर्यंत आणते, दार उघडणारं यंत्र वेगळं

दादा, टायफॉइडचा जंतू 'शेपटीनंच आतड्याच्या पेशीला भोक पाडतो' असं तुम्ही वर लिहिलंय, तिथं जरा अडखळलो. कशाभिका, म्हणजे जंतूची ही शेपटी, सुई नव्हे. तिच्या बुडाशी प्रोटॉनच्या प्रवाहावर चालणारी मोटर असते, सेकंदाला शंभराहून जास्त गिरक्या घेणारी. तिच्या जोरावर साल्मोनेला, म्हणजे हाच टायफॉइडचा जंतू, आतड्यावरच्या चिकट थरातून वाट काढतो आणि पेशींच्या अगदी लगत पोहत राहतो, रंकाळ्याच्या काठानं जागा शोधत फिरावं तसा. पेशीत प्रथिनं टोचायचं काम मात्र दुसऱ्याच सुईसारख्या यंत्राचं. गंमत म्हणजे रचनेनं ती दोन्ही भावकीतलीच! टोचल्यावर पेशीचा पडदा उसळतो आणि जंतूला स्वतःच आत ओढून घेतो.

शिगेला हा हगवणीचा जंतू बघा, त्याला कशाभिकाच नसते. तरी आत शिरतोच की.

आणि शेपटी जंतूला महागातही पडते. तिचं प्रथिन फ्लॅजेलिन आपल्या पेशींवरचा टीएलआर-५ हा जंतू ओळखणारा रिसेप्टर ओळखतो (हे २००१ मध्ये कळलं) आणि सूज सुरू होते. म्हणून आत शिरल्यावर साल्मोनेला फ्लॅजेलिन बनवणं कमी करतो. लई हुशार गडी.

२०१९ च्या पुरानंतर मला ताप आला होता, तेव्हाचा विडालचा (टायफॉइडसाठीची रक्ततपासणी) रिपोर्ट अजून घरात आहे. त्यातला 'एच' म्हणजे ह्याच शेपटीविरुद्धची प्रतिद्रव्यं. 'ओ' जंतूच्या अंगावरच्या आवरणाविरुद्धची.